वाचक विचारतात : डोळ्याचा पडदा नेमकं काय काम करतो?

डोळ्याच्या पडद्याविषयी, म्हणजे दृष्टिपटलाविषयी, आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. आजारांबद्दलची उत्तरं माहितीसाठी आहेत. तपासणी आणि औषध नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच.

प्रश्न : दृष्टिपटलावर दहा-बारा कोटी प्रकाशसंवेदी पेशी असतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू मात्र दहा-बारा लाखच, असं वाचलं. मग बाकीची माहिती जाते कुठे? (बारावीची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : ती पडद्यातच गाळली जाते, आणि हे गाळणं हेच पडद्याचं मुख्य काम आहे. दृष्टिपटल जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतं, पण त्यात चेतापेशींचे तीन थर आणि पाच मुख्य प्रकार असतात. सर्वांत मागे प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकूपेशी. मधल्या थरात बायपोलर पेशी, आडव्या पेशी आणि अ‍ॅमाक्राइन पेशी. सर्वांत पुढे, डोळ्याच्या पोकळीकडे, गँग्लिऑन पेशी. त्यांचेच लांब तंतू एकत्र येऊन डोळ्याची नस बनते. प्रकाशाला आधी हे पुढचे थर पार करून मागे जावं लागतं आणि संदेश उलट दिशेने पुढे येतो. प्रकाशपेशी मागे असण्याचा फायदा असा की मागच्या रंगद्रव्याच्या थराला त्या चिकटून राहतात. वापरलं गेलेलं रसायन तो थर पुन्हा तयार करून देतो आणि त्यामागच्या दाट रक्तवाहिन्या प्राणवायू पुरवतात.

आता एक गोष्ट, जी विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात टाकते. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी उद्दीपन मिळालं की जाग्या होतात. प्रकाशपेशींचं उलटं आहे. त्या अंधारात 'चालू' असतात. त्यांच्या आवरणातल्या वाहिन्या, म्हणजे विद्युतभारित कण आत येण्याची दारं, अंधारात उघड्या राहतात, आतला विद्युतदाब सुमारे उणे ४० मिलिव्होल्ट असतो आणि ग्लुटामेट हे रसायन सतत पाझरत असतं. उजेड पडला की रोडॉप्सिन या प्रकाश शोषणाऱ्या रसायनातला रेटिनलचा रेणू आकार बदलतो. त्यातून सुरू होणाऱ्या साखळीमुळे वाहिन्या उघड्या ठेवणारं सीजीएमपी हे पेशीतलं रसायन कमी होतं, वाहिन्या बंद होतात, विद्युतदाब उणे ७० च्या दिशेने घसरतो आणि ग्लुटामेटचा पाझर मंदावतो. म्हणजे 'उजेड आला' हा निरोप पुढे जातो तो रसायन कमी होण्यातून.

हा निरोप बायपोलर पेशी दोन तऱ्हांनी वाचतात. एका गटाला ग्लुटामेट उद्दीपित करतं. हा 'ऑफ' गट, अंधार वाढला की जागा होणारा. दुसऱ्या गटावरचा ग्राहक, म्हणजे रसायन ओळखणारं प्रथिन, वेगळा असतो, त्याला एमग्लूआर-६ म्हणतात. तो ग्लुटामेट आलं की पेशीला दाबून ठेवतो, त्यामुळे ग्लुटामेट घटलं की पेशी मोकळी होते. हा 'ऑन' गट, उजेड वाढला की जागा होणारा. एकाच शंकूपेशीच्या संदेशातून इथेच, दोन चेतापेशींमधल्या पहिल्याच सांध्यावर, दोन समांतर वाटा फुटतात. त्यांची गरज खरी आहे. १९८६ साली माकडांच्या डोळ्यात ऑन वाट तात्पुरती बंद करणारं रसायन टोचून पाहिलं, तेव्हा त्यांना पार्श्वभूमीपेक्षा उजळ ठिपका ओळखणं अवघड झालं, पण गडद ठिपका ती पूर्वीसारखाच ओळखत होती.

गाळणीचं काम सुरू होतं आडव्या पेशींपासून. त्या शेजारच्या बऱ्याच प्रकाशपेशींचा अंदाज घेतात आणि त्या प्रमाणात मधल्या पेशीचा आवाज कमी करतात. कागदावर करून पाहा. सहा पेशी एका ओळीत आहेत आणि त्यांच्यावर पडलेला उजेड असा : १०, १०, १०, २०, २०, २०. आता मधल्या प्रत्येक पेशीच्या आकड्यातून तिच्या दोन शेजाऱ्यांची सरासरी वजा करा. दुसऱ्या पेशीचं उत्तर शून्य. तिसरीचे शेजारी १० आणि २०, सरासरी १५, म्हणून उत्तर उणे ५. चौथीचं अधिक ५. पाचवीचं पुन्हा शून्य. एकसारख्या भागाबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नाही, आणि जिथे कड होती तिथे मात्र दोन ठळक आकडे उभे राहिले. खऱ्या पेशी इतकी चोख वजाबाकी करत नाहीत, एकसारख्या भागाचाही थोडा संदेश जातोच, पण तत्त्व हेच.

चेताशास्त्रज्ञ स्टीफन कुफलर यांनी १९५३ साली मांजराच्या गँग्लिऑन पेशींत हे मोजून दाखवलं. पडद्याच्या ज्या भागातला उजेड पेशीला जाणवतो ते तिचं क्षेत्र. त्या क्षेत्राच्या मध्यावर उजेडाचा ठिपका टाकला की ती भराभर संदेश सोडते. तोच ठिपका सभोवतालच्या कड्यावर टाकला की गप्प होते. अख्खं क्षेत्र उजळलं तर फारसं काही होत नाही. काही पेशींत याच्या नेमकं उलट घडतं.

तुमच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. शंभरास एक हे प्रमाण सरासरी आहे आणि ते फसवं आहे. वाचताना आपण जो भाग वापरतो, त्या मध्यखड्ड्यात एका शंकूपेशीला स्वतंत्र बायपोलर पेशी आणि निदान दोन गँग्लिऑन पेशी मिळतात, एक ऑन आणि एक ऑफ. तिथे काटछाट अजिबात नाही. कडेच्या भागात मात्र शेकडो, कधी हजारो दंडपेशींचा मिळून एकच तंतू निघतो. म्हणून पानाच्या मध्यावर नजर रोखली की कडेची अक्षरं दिसतात, पण वाचता येत नाहीत. मेंदूला पूर्ण चित्र एकदम कधीच मिळत नाही. डोळा सेकंदाला दोन-तीन वेळा उडी मारून बारकाईचा भाग नव्या जागी नेतो आणि मेंदू ते तुकडे जुळवतो.

प्रश्न : वर्गात काळ्या चौकोनांची जाळी दाखवली की पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकांत राखाडी ठिपके दिसतात. मुलं कारण विचारतात. आडव्या पेशींमुळे, असं सांगितलं तर बरोबर होईल का? (विज्ञान शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : अर्धं बरोबर. ही हर्मनची जाळी, १८७० सालची. नेहमीचं स्पष्टीकरण असं : चौकातल्या पेशीला चारही बाजूंनी पांढरं शेजार मिळतं, पट्टीच्या मधल्या पेशीला दोनच बाजूंनी. त्यामुळे चौकातली पेशी जास्त दाबली जाते आणि तो भाग मळकट दिसतो. ज्या चौकावर नजर रोखाल तिथला ठिपका नाहीसा होतो, कारण मध्यखड्ड्यातल्या पेशींची क्षेत्रं इतकी छोटी असतात की पट्टीच्या रुंदीत ती पुरती मावतात. हे सगळं ऐकायला पटतं.

पण २००८ साली हंगेरीतल्या संशोधकांनी एक साधा बदल करून पाहिला. पट्ट्यांच्या कडा सरळ न ठेवता किंचित नागमोडी केल्या. चौकांत पांढरं शेजार जवळजवळ तेवढंच राहिलं, तरी ठिपके गायब झाले. कारण केवळ आडव्या पेशी असत्या तर ते टिकायला हवे होते. म्हणजे सरळ रेषा ओळखणाऱ्या, मेंदूतल्या पुढच्या टप्प्यांचाही यात हात आहे.

वर्गात हे करून दाखवणं सोपं आहे. पांढऱ्या कार्डशीटवर २ सेंटिमीटरचे काळे कागदी चौकोन ४-५ मिलिमीटर अंतर सोडून चिकटवा, ओळीत पाच, अशा पाच ओळी. दुसऱ्या कार्डावर तेच चौकोन कडा नागमोडी कापून लावा. दोन्ही कार्ड शेजारी धरा. ठिपके दिसत नसतील तर बहुधा पट्टी फार रुंद झाली आहे किंवा मुलं फार जवळून बघत आहेत. दोन पावलं मागे जायला सांगा.

शेजाऱ्याला दाबण्याचं नुसतं उदाहरण हवं असेल तर माखच्या पट्ट्या जास्त चांगल्या. फिकट ते गडद अशा राखाडी कागदाच्या पाच-सहा पट्ट्या एकमेकींना भिडवून लावा. प्रत्येक पट्टी सपाट रंगाची असूनही गडद शेजाऱ्याकडची तिची कड उजळ आणि फिकट शेजाऱ्याकडची कड काळपट वाटते. वरच्या उत्तरातले अधिक ५ आणि उणे ५ ते हेच. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर पेन्सिल आडवी ठेवून कड झाकली की फरक विरतो.

प्रश्न : आमचा आकाशनिरीक्षणाचा गट आहे. देवयानी दीर्घिका थेट बघितली की दिसेनाशी होते आणि नजर बाजूला नेली की दिसते. किती बाजूला बघावं? आणि डोळे अंधाराला सरावायला खरोखर अर्धा तास लागतो का? (नाशिक)

उत्तर : हो, लागतो, आणि तो दोन टप्प्यांत जातो. पहिल्या ८-१० मिनिटांत शंकूपेशी सरावतात आणि तिथे थांबतात. बऱ्याच जणांना वाटतं की झालं आता. त्यानंतर दंडपेशी पुढे सरसावतात आणि संवेदनक्षमता आणखी कितीतरी पट वाढत जाऊन ३० ते ४० मिनिटांनी स्थिरावते. हा वेळ मुख्यतः रोडॉप्सिन पुन्हा तयार होण्यात जातो, त्यामुळे तो इच्छाशक्तीने कमी होत नाही.

सरावलेली दंडपेशी एका फोटॉनलाही, म्हणजे प्रकाशाच्या एका कणालाही, प्रतिसाद देते. कोलंबिया विद्यापीठात १९४२ साली झालेल्या प्रयोगांतून असा हिशेब निघाला की ५ ते १४ दंडपेशींनी जवळजवळ एकाच वेळी एकेक फोटॉन शोषला की माणसाला उजेड जाणवतो. अर्थात एवढा क्षीण संदेश पेशींच्या आपसुक होणाऱ्या खळखळीतून वेगळा काढावा लागतो. त्यासाठी दंडपेशींना स्वतःची बायपोलर पेशी असते, पण स्वतःची गँग्लिऑन पेशी नसते. त्यांचा संदेश 'ए-टू' (AII) नावाच्या अ‍ॅमाक्राइन पेशीकडे जातो आणि तिथून शंकूपेशींच्याच ऑन आणि ऑफ वाटांमध्ये सोडला जातो. दिवसाची वायरिंग रात्री उसनी वापरली जाते. खूप दंडपेशींची बेरीज केल्याने अंधारात दिसतं, पण बारकावा हरवतो. रात्रीची नजर साधारण ६/६० च्या पातळीला येते, म्हणजे निरोगी नजरेला ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसतं.

मध्यखड्ड्याच्या अगदी मधोमध, साधारण सव्वा अंशाच्या भागात, दंडपेशी नसतातच. थेट बघितलं की दीर्घिकेचा सर्वांत उजळ गाभा नेमका तिथे पडतो. दंडपेशींची सर्वाधिक दाटी १५ ते २० अंशांवर आहे, पण तितकं दूर गेलं की बारीक फरक कळत नाहीत. व्यवहारात १० अंशांच्या आसपास चांगलं जमतं. हात सरळ लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण १० अंश भरते, तेवढं बाजूला बघा. दिशाही महत्त्वाची आहे. प्रत्येक डोळ्याचा अंधबिंदू, म्हणजे नस बाहेर पडते ती प्रकाशपेशी नसलेली जागा, नजरेच्या बाहेरच्या, कानाकडच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर असतो. दुर्बिणीला उजवा डोळा लावला असेल तर नजर वस्तूच्या उजवीकडे न्या, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहील. डाव्या डोळ्याने बघताना डावीकडे. दोन्ही डोळ्यांनी बघताना नजर वर किंवा खाली न्यावी, म्हणजे अंधबिंदूचा प्रश्नच येत नाही.

लाल टॉर्च वापरता ते योग्यच. दंडपेशींची संवेदनक्षमता ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि ६४० च्या पुढच्या गडद लाल उजेडाला त्या जवळजवळ दाद देत नाहीत. मात्र टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाची एकच घडी असेल आणि उजेड नारिंगी दिसत असेल तर उपयोग नाही. मंद आणि गडद लाल, दोन्ही हवं. मोबाइलचा पडदा नुसता लाल करून भागत नाही, त्याची चमकही किमान पातळीवर आणा. कोणीतरी गाडीचे दिवे लावले तर एक डोळा घट्ट मिटून घ्या. बराचसा सराव डोळ्यागणिक वेगळा असतो, त्यामुळे मिटलेला डोळा वाचतो.

प्रश्न : निरभ्र निळ्या आभाळाकडे बघितलं की लहान चमकते ठिपके वळवळत पळताना दिसतात. पडदा खराब होतोय का? (सोलापूर)

उत्तर : नाही. तुम्हाला स्वतःच्या पांढऱ्या रक्तपेशी दिसत आहेत. पडद्याच्या केशवाहिन्या प्रकाशपेशींच्या पुढे असतात. त्यातल्या तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषतात, पांढऱ्या शोषत नाहीत. पांढरी पेशी पुढे सरकते तशी प्रकाशाची छोटी फट पुढे सरकते. नाडीबरोबर ठिपक्यांचा वेग कमी-जास्त होतो आणि नजरेच्या अगदी मधोमध ते नसतात, कारण तिथे केशवाहिन्याच नाहीत.

मग त्या वाहिन्यांचं जाळं एरवी का दिसत नाही? कारण त्याची सावली कायम एकाच पेशींवर पडते, आणि जे बदलत नाही त्याचा संदेश काही सेकंदांत मावळतो. ही सावली हलवली की जाळं दिसतं. जाड कागदाला टाचणीने भोक पाडा, ते डोळ्याच्या अगदी जवळ धरा, उजळ पांढऱ्या भिंतीकडे बघा आणि कागद भराभर थोडासा हलवत राहा. सूर्याकडे मात्र अजिबात बघायचं नाही. क्षणभरात झाडाच्या बारीक फांद्यांसारखं जाळं उमटेल. कागद थांबवला की ते विरतं.

काळजीची लक्षणं वेगळी आहेत : अचानक काळ्या ठिपक्यांचा किंवा जाळ्यांचा लोंढा दिसू लागणं, अंधारातही विजेसारखे लखलखाट, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं. पडदा ताणला गेला की त्याच्या पेशी उजेडाशिवायही संदेश सोडतात, तो हा लखलखाट. पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची ही चिन्हं असू शकतात. त्याच दिवशी बाहुली मोठी करून तपासणी करून घ्या. मध्यभाग सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर राहण्याची शक्यता बरीच जास्त असते.

प्रश्न : बाबांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, नस वाळत चालली आहे. पण त्यांना तक्त्याची शेवटची ओळ वाचता येते आणि काही त्रासही नाही. थेंब चालू ठेवायलाच हवेत का? (पुणे)

उत्तर : हवेतच, आणि त्रास नाही म्हणून थेंब सोडणं ही काचबिंदूत सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे. या आजारात मरतात त्या गँग्लिऑन पेशी. प्रकाशपेशी शाबूत असतात, पडदा चित्र टिपत असतो, पण ते पुढे नेणारे तंतू कमी होत जातात. तक्ता तपासतो फक्त मधला भाग, आणि मध्यखड्ड्यातून निघणारे तंतू बहुधा शेवटी बळी पडतात. सुरुवातीची झीज असते कडेला, साधारण १० ते २० अंशांच्या कमानीत. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि गेलेल्या जागी काळा डाग न दिसता मेंदू आजूबाजूचंच भरून टाकतो. नजरेच्या क्षेत्राच्या तपासणीत पहिला दोष दिसेपर्यंत पाव भागाहून अधिक गँग्लिऑन पेशी गेलेल्या असू शकतात.

एकदा मेलेल्या गँग्लिऑन पेशी माणसात परत येत नाहीत आणि त्यांचे तंतूही पुन्हा वाढत नाहीत. थेंब डोळ्यातला दाब कमी करून उरलेल्यांना वाचवतात. सर्वसाधारण दाब १० ते २१ मिलिमीटर (पारा) धरला जातो, पण २१ च्या आतही काहींची नस झिजते. म्हणून डॉक्टर आकड्याबरोबर नसेचा खळगा, ओसीटीवर (पडद्याच्या थरांचं चित्र घेणाऱ्या तपासणीत) तंतूंच्या थराची जाडी आणि क्षेत्र तपासणी असं सगळं एकत्र बघतात.

क्षेत्र तपासणी म्हणजे यंत्रात डोकं टेकवून मधल्या दिव्याकडे बघायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. बाबांना आधीच सांगा की सगळे ठिपके दिसणं अपेक्षितच नाही. यंत्र मुद्दाम दिसेल-न दिसेल अशा पातळीवर जातं. मधूनच ते ठिपका अंधबिंदूवर टाकतं. तिथे बटण दाबलं गेलं तर नजर हलली हे त्याला कळतं. पहिला अहवाल बऱ्याचदा वाईट येतो, कारण तंत्र माहीत नसतं. म्हणून दुसरी तपासणी करूनच तुलनेचा पाया धरतात. जवळच्या चष्म्याची योग्य भिंग लावली आहे का आणि सैल पापणी वर चिकटवली आहे का, हे तंत्रज्ञांना विचारायला संकोचू नका. या दोन गोष्टी राहिल्या तर अहवालात खोटे दोष उमटतात.

थेंब घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, डोळा हलका मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडावीत, नाही तर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. आणि डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणू नयेत. त्यांनी दाब वाढू शकतो. काचबिंदू घराण्यात चालतो, तेव्हा तुम्ही आणि तुमच्या भावंडांनीही तपासून घ्या.

प्रश्न : एक चार वर्षांचं मूल दिवेलागणीनंतर ठेचकाळतं. जीवनसत्त्व अ दिलं की बरं होईल ना? (अंगणवाडी सेविका, धडगाव)

उत्तर : कमतरता हेच कारण असेल तर रात्रीची नजर काही दिवसांतच सुधारते. रेटिनल हा जीवनसत्त्व अ पासूनच बनतो. तो कमी पडला की रोडॉप्सिन अपुरं राहतं आणि आधी दंडपेशी अडतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा करडा-पांढरा ठिपका किंवा कोरडेपणा दिसला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. त्याच्या पुढची पायरी पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, विरघळण्याची असते आणि ती वेगाने येते. गोवर किंवा लांबलेला जुलाब झालेल्या मुलात धोका जास्त.

मुलाचं कार्डही बघा. नऊ महिन्यांना १ लाख एकक आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकक असे डोस असतात. मधला एखादा राहिला असेल तर आरोग्यसेविकेला सांगा, पण भरपाई म्हणून दोन डोस एकदम देऊ नका. जास्त झालेलं अ जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि बाधतं. आहारात शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, पिकलेली पपई, आंबा, लाल भोपळा, अंडी. भाज्या थोड्या तेलात परतलेल्या असाव्यात, त्याशिवाय त्यातलं कॅरोटीन नीट शोषलं जात नाही.

उपचार होऊनही फरक पडला नाही, किंवा घरात आणखी कोणाला रातांधळेपणा असेल, तर आजार आनुवंशिक असू शकतो. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी ईआरजी तपासणी लागते. बाहुली मोठी करून, २० मिनिटं अंधारात बसवून, मंद आणि प्रखर चमक दाखवतात आणि पडद्याचा विद्युत प्रतिसाद नोंदवतात. पहिली खालच्या दिशेची लाट प्रकाशपेशींची, नंतरची वरच्या दिशेची ऑन बायपोलर पेशींची. दोन्ही लाटा खचल्या असतील तर दंडपेशी झिजण्याचा आजार. प्रखर चमकेला पहिली लाट ठीक आणि दुसरी गायब असेल तर ऑन वाटेचा सांधा जन्मतःच बिघडलेला आहे. हा दुसरा प्रकार सहसा वाढत जात नाही, आणि आईवडिलांना हे कळणं फार मोलाचं असतं.

प्रश्न : रात्रपाळीनंतर झोप लागत नाही. मोबाइलच्या निळ्या उजेडाने पडदा जळतो म्हणतात. निळा उजेड अडवणारा चष्मा घ्यावा का? (परिचारिका, ठाणे)

उत्तर : मोबाइलच्या उजेडाने पडद्याला इजा होते याला पुरावा नाही. झोपेचा संबंध मात्र खरा आहे आणि तोही पडद्यातच आहे. २००२ साली उंदरांत सापडलं की थोड्या गँग्लिऑन पेशी स्वतःच प्रकाश टिपतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन असतं, ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वाधिक दाद देतं. माणसात या पेशी दहा लाखांत काही हजारच. त्या चित्र बनवत नाहीत. एकूण उजेड किती, हे मेंदूतल्या घड्याळाला आणि बाहुली लहान-मोठी करणाऱ्या केंद्राला कळवत राहतात. दंड आणि शंकू गेलेल्या काही अंध व्यक्तींचं दिवस-रात्रीचं चक्र याच पेशींवर नीट चालतं.

या पेशी मंद पण चिवट आहेत, उजेडाची बेरीज करत जातात. खोलीतला उजेड १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो, सकाळचं बाहेरचं ऊन सहज १० हजारांच्या वर. तेव्हा मोबाइलपेक्षा पाळी संपवून घरी जाताना मिळणारा सकाळचा उजेड तुमच्या झोपेला जास्त अडवतो. घरी जाताना गडद गॉगल वापरा (स्वतः गाडी चालवत असाल आणि पेंग येत असेल तर नको), खोलीला जाड पडदे लावा, आणि पाळीच्या पहिल्या अर्ध्यात कामाच्या जागी भरपूर उजेड ठेवा. चष्म्यावर पैसे घालवण्याआधी हे करून बघा.

प्रश्न : पडद्याचं रोपण किंवा चिप बसवून दृष्टी परत येते का? मूळपेशींचं (स्टेम सेलचं) इंजेक्शन घ्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर : नेत्रदानातून रोपण होतं ते पारपटलाचं. पूर्ण डोळा किंवा पडदा बसवून दृष्टी आणता येत नाही, कारण दहा-बारा लाख तंतू मेंदूशी पुन्हा जोडणं शक्य झालेलं नाही.

अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळालेल्या आर्गस-२ या चिपमध्ये ६० विद्युतअग्रं (इलेक्ट्रोड) होती. रुग्णांना खिडकीचा उजेड, दाराची चौकट, हलणारी आकृती कळायची. अडचण फक्त संख्येची नव्हती. एक अग्र आजूबाजूच्या ऑन आणि ऑफ, दोन्ही गँग्लिऑन पेशींना एकाच वेळी उद्दीपित करतं, म्हणजे 'उजळ झालं' आणि 'काळं झालं' हे दोन्ही निरोप एकदम जातात. निरोगी पडद्यात असं कधी घडत नाही, त्यामुळे मेंदूला त्याचा अर्थ लावायला शिकावं लागतं. पुढे ते उपकरण बनवणं थांबलं. २०२१ साली गँग्लिऑन पेशींत प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक घालून, खास गॉगलच्या मदतीने, एका अंध रुग्णाला टेबलावरची वही ओळखता आली. जनुक उपचारातला आजवरचा ठोस टप्पा म्हणजे आरपीई-६५ या जनुकातल्या दोषासाठीचं, २०१७ साली अमेरिकेत मान्य झालेलं औषध. पण त्यासाठी रक्ताच्या जनुकीय चाचणीत तोच दोष सिद्ध व्हावा लागतो आणि पडद्यात जिवंत पेशी पुरेशा उरलेल्या असाव्या लागतात.

मूळपेशींची इंजेक्शनं पैसे घेऊन देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. फ्लोरिडात अशा एका ठिकाणी दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन घेतलेल्या तीन महिलांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेल्याची नोंद २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात झाली. त्यांचे पडदे सुटले होते. खरी चाचणी असेल तर रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी इंजेक्शन दिलं जात नाही आणि भारतात तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर असते. नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहा.